पांढऱ्या चपला, तेहेतीसवर

रविवारी सकाळी बाकीचं रियेका शहर एकतर चर्चमध्ये असतं, नाहीतर कॉर्झोच्या हमरस्त्यावर कॉफी पीत येणाऱ्याजाणाऱ्यांची मापं काढत असतं. त्याच वेळी बंदराजवळच्या नौकानयन मंडळाच्या मागच्या खोलीत, भिंतीवर टांगलेल्या जुन्या वल्ह्यांखाली, चार माणसं खुर्च्या मांडून दोन स्पीकरांकडे तोंड करून बसलेली असतात. एकमेकांकडे बघत नाहीत. रेकॉर्ड ऐकताना शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं की आपलं मत बिघडतं, असं त्यांचं म्हणणं.

आधी एक जुनी रेकॉर्ड, मग कॉफी, मग एक नवी. रेकॉर्ड संपली की प्रत्येकानं आपलं मत द्यायचं. बोलणाऱ्याला मधे तोडायचं नाही, आणि दिलेलं मत परत घ्यायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात कडक. रेनातो हा बसचा निवृत्त ड्रायव्हर, आडदांड आणि तोंडाळ. त्यानं एकदा एका नव्या रेकॉर्डला ‘कपडे धुण्याच्या मशीनमध्ये पडलेले चमचे’ म्हटलं होतं. पुढे तीच रेकॉर्ड त्याच्या जिवाचा तुकडा झाली, पण मत मत असतं. अजूनही त्याच्या बशीत मुद्दाम दोन चमचे ठेवतात, आणि तो मुकाट्यानं दोन्ही ढवळतो.

रेकॉर्ड प्लेयर सिल्वानोचा. त्यानंच घरून आणून इथे ठेवलेला, आणि त्याच्या सुईच्या दांडीला दुसऱ्या कुणी हात लावायची प्राज्ञा नव्हती. सिल्वानोचं आयुष्य दातांच्या कवळ्या बनवण्यात गेलेलं. अर्ध्या गावाच्या हसण्याचे साचे त्याच्या हाताखालून गेले होते, स्वतः मात्र तो बेतानं हसायचा. मंडळी त्याला कस्टमवाला म्हणत, कारण तो कुठल्याही रेकॉर्डची बॅग उघडून सगळं सामान बाहेर काढायचा. ड्रम कोरड्या खोलीत वाजवलेत, बास मागे ढकललाय, दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं उगाच भरलंय. सगळं बरोबर असायचं. फक्त आवडली की नाही, ते तो कधी सांगायचा नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, “मग इतका वेळ काय सांगत होतो मी?”

त्याची बायको नेरीना आदल्या वसंतात गेली. त्याआधी वर्षभर ती पक्षाघाताचा झटका येऊन घरात होती. मंडळातली सगळी कोझालाच्या दफनभूमीत आली, फुलांचं चक्र आणलं. त्यानंतरच्या रविवारी सिल्वानो नेहमीच्या वेळेला हजर झाला आणि बासवर बोलला. कुणी काही विचारलं नाही. त्याला मोकळं सोडावं असं सगळ्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना सुटल्यासारखंही झालं.

मुलगी आयर्लंडला. तिचा आठवड्यातून एकदा फोन यायचा, तेव्हा तो सगळं ठीक आहे असं सांगायचा. बाकी बेकरीतल्या पोरीशी अर्ध्या पावाएवढं बोलणं. म्हणजे माणसांत बसून तोंड उघडायचं ते रविवारीच, आणि तेही ड्रमबद्दल. उरलेला आठवडा त्याला त्या एका सकाळवर ढकलावा लागायचा.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, डोंगरावरून वारा असा सुटला होता की बंदरातल्या बोटींच्या दोऱ्या शिट्ट्या घालत होत्या. त्या दिवशी नवी रेकॉर्ड मिर्नानं आणली. मिर्ना त्यांच्यात सगळ्यात तरुण, वाचनालयात काम करायची. शिबेनिकच्या कुणा नवख्या गायिकेची ती पहिलीच रेकॉर्ड होती, नाव ‘पांढऱ्या चपला’. मिर्नानंही ती अजून ऐकलेली नव्हती. सिल्वानो चष्मा घरी विसरला होता. त्यानं तबकडी दोन्ही तळव्यांत धरली, फुंकर घातली, आणि सुई टेकवली.

आवाज आला तो खोल, जाडसर, बाईचा की पुरुषाचा ते चटकन कळू नये असा. शब्द एकेक करून यायचे, आणि दोन शब्दांच्या मधे जागा असायची. चपला काढून ठेव, पाणी गार आहे, मी पलीकडे थांबते. एवढंच काहीतरी गाणं, पण ऐकताना वाटावं की ही बाई कायमची कुठे तरी निघाली आहे आणि मागे राहणाऱ्याला सूचना देते आहे. एक बाजू जरा लांबल्यासारखी वाटली, पण लांबली म्हणून कुणाची तक्रार नव्हती.

मतं सुरू झाली. गोर्दानाबाई, शाळेत संगीत शिकवलेल्या, म्हणाल्या की एवढ्या कोवळ्या वयात इतका संयम त्यांनी ऐकलेला नाही. रेनातो म्हणाला की आपल्या अंगावर काटा आला, आणि काटा येण्याइतकं अंग आपल्याकडे बरंच आहे. मिर्ना म्हणाली की आपल्याला थोडी भीती वाटली. मग सिल्वानोची पाळी आली. आता बॅग उघडणार म्हणून सगळे रेलून बसले.

“माझी नेरीना शेवटचं वर्ष अशी बोलायची,” सिल्वानो म्हणाला.

रेलून बसलेले सगळे पुढे सरकले. मधे तोडायचं तर नव्हतंच.

“एक शब्द यायचा. मग बराच वेळ काही नाही. लोकांना वाटायचं, झालं हिचं बोलून. झालेलं नसायचं. फोन वाजला की हट्टानं स्वतः उचलायची, आणि समोरचे ठेवून द्यायचे. मी थांबायचो. मला सवय झाली होती थांबायची, ती आवडायला लागली होती. आता घरात सगळं भराभर होतं. जेवण झालं कधी तेसुद्धा कळत नाही.” त्यानं प्लेयरकडे बघितलं. “ही बाई गाते तेव्हा थांबावं लागतं. मला आवडली.”

इतक्या वर्षांत तो शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा आला होता. गोर्दानाबाईंनी रुमाल काढला. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता, आणि कुणी ठेवणार होतंही बहुतेक. पण रेनातोला शांतता सोसवत नाही. बसमध्येसुद्धा तो सिग्नलला उभा असताना हॉर्न वाजवायचा. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यानं रेकॉर्डचं पाकीट उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, “अरे, हे इथे पंचेचाळीस लिहिलंय.”

“राहू दे ना,” मिर्ना म्हणाली, पण उशीर झाला होता.

रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या गतीनं वाजवायची होती. सिल्वानोनं ती संथ तेहेतीसवर लावली होती. ज्यानं दुसऱ्यांच्या प्लेयरच्या सुया तपासण्यात इतकी वर्षं घालवली, त्यानं. त्यानं पाकीट हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि उठून गतीचं बटण फिरवलं. मग सुई पुन्हा टेकवली.

वीसएक वर्षांची पोरगी टुणटुण उड्या मारत गायला लागली. चपला काढून ठेव, पाणी गार आहे! टाळ्या, शिट्ट्या, मागे कुणीतरी पाण्यात उडी मारल्याचा आवाज. बंदरावरच्या आईस्क्रीमच्या टपरीवर उन्हाळाभर वाजावं असं गाणं. आधी गोर्दानाबाईंच्या नाकातून एक हसू निसटलं. मग मिर्नाला आवरेना. रेनातो तर भिंतीवरच्या वल्ह्याला धरून हसला. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. हसू आलं की येतं, त्याला माणूस तरी काय करणार?

सिल्वानोही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. म्हणाला, “माझं मत मी मागे घेतो.”

नियमाची आठवण त्या क्षणी कुणालाच झाली नाही. तो कॉफी अर्धी टाकून निघाला आणि घरापर्यंत चालत गेला. वारा इतका होता की डोळ्यांत पाणी येण्याला कारण होतं.

पुढच्या रविवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्याही. फोन वाजायचा, तो वाजू द्यायचा. लाज वाटत होती हे तर होतंच, पण खरं दुखणं निराळं होतं. नेरीनाला त्यानं पहिल्यांदाच चार माणसांत नेलं होतं आणि तिचा विनोद झाला होता. ती जिवंत असताना तिला त्यानं असं कधी होऊ दिलं नसतं.

त्यानं ती रेकॉर्ड विकत घेतली. घरात कपाटावर एक जुना प्लेयर होता, तो खाली काढला आणि तेहेतीसवर लावला. पहिल्या दिवशी नेरीना आली. अगदी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलावं तशी आली. दुसऱ्या दिवशी तिला यायला वेळ लागला. आठवडा संपेपर्यंत नुसते सैल ड्रम ऐकू यायला लागले, आणि मागे ते पाण्यात उडी मारणं. एकट्यानं ऐकून ऐकून त्यानं तिला झिजवून टाकलं होतं. त्यानं रेकॉर्ड पाकिटात घातली, पाकीट कपाटावर टाकलं आणि अंधार पडेपर्यंत तसाच बसून राहिला.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी मिर्ना दारात येऊन उभी राहिली. चार जिने चढून धापा टाकत होती.

“बार्बा, प्लेयरला हात लावायची कुणाची हिंमत नाही,” ती म्हणाली. त्या किनाऱ्यावर वडीलधाऱ्याला बार्बाच म्हणतात. “रेनातो म्हणतो मी लावतो सुई. त्यानं लावली तर नांगरट होईल. आम्ही तीन रविवार नुसती कॉफी पितोय, आणि एकमेकांकडे बघतोय. फार वाईट दिसतो आम्ही.”

त्यावर सिल्वानो हसला नाही, पण कोट घातला. माणसांवर राग असला तरी प्लेयरची त्याला काळजी होती.

खोलीत सगळं पूर्वीसारखं होतं. फक्त रेनातो खाली मान घालून बसला होता, आणि आज थट्टा नको म्हणून त्याच्या बशीत एकच चमचा होता. सिल्वानोनं सुई पुसली, दांडी तपासली, आणि जुनी रेकॉर्ड मागायला हात पुढे केला. मिर्नानं त्याच्या हातात ‘पांढऱ्या चपला’ ठेवली.

“ही जुनी नाही,” तो म्हणाला.

“आपण ऐकलीय ना एकदा. झाली जुनी.”

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कीव करायला बोलावलंय मला, असं त्याच्या मनात आलं. बोट बटणावर होतं. सगळे भिंतीकडे बघत होते. त्यानं बटण पंचेचाळीसकडे फिरवलं.

“तेहेतीस,” रेनातो मागून म्हणाला. “दिलेलं मत परत घेता येत नाही. माझं चमच्यांचं मत घेऊ दिलं होतं का परत?”

सिल्वानोनं मागे न बघता बटण परत तेहेतीसवर आणलं आणि सुई टेकवली.

तो खोल आवाज आला. सगळे जीव ओतून ऐकत होते, त्याच्यासाठी. आणि सिल्वानोला काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे सगळं ऐकू आलं: ढिले ड्रम, ओढलेली गिटार, चुकीच्या गतीनं फिरणारी एक आनंदी पोरगी. नेरीना नव्हती. घरीच संपली होती ती. ही भली माणसं त्याला जे परत द्यायला बसली होती, ते उरलंच नव्हतं, आणि ते त्यांना सांगायचं कसं हेही त्याला कळेना. बाजू संपेपर्यंत त्यानं हात मांड्यांखाली दाबून धरले. इतकं एकटं त्याला चार जिन्यांवरच्या त्या घरातसुद्धा वाटलं नव्हतं.

सुई उचलली. पहिलं मत रेनातोचं होतं.

“मी ऐकलंय तिला,” तो म्हणाला. “तिच्या शेवटच्या वर्षी. सुईचं विचारायला तुझ्या घरी फोन केला होता. तिनं उचलला. मी म्हटलं, सिल्वानो आहे का? पलीकडून नुसता श्वास. मग काहीतरी यायला लागलं, पण पुरतं येईना. मला कळलं होतं तीच आहे. मी म्हटलं, लाइन खराब आहे. आणि ठेवला.” त्यानं रिकामा कप बशीत फिरवला. “लाइन चांगली होती. मागच्या वेळी तू बोललास ना, तेव्हा मला सगळं आठवलं, म्हणून मी ते पाकीट उचललं. नुसता बसून राहिलो असतो तर रडलो असतो. माझं मत एवढंच.”

आता मिर्नाची पाळी होती. पण सिल्वानोनं नियम मोडला.

“काय म्हणाली ती?”

“एकच शब्द.”

“कुठला?”

“थांबा म्हणाली.”

बाहेर बोटींच्या दोऱ्या वाजत होत्या. सिल्वानोनं खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच स्पीकरांकडे पाठ करून रेनातोच्या समोर बसला. त्याच्या घराबाहेर आणखी एका माणसाच्या कानात नेरीनाचा आवाज एवढे दिवस पडून होता, आणि तो अजून झिजलेला नव्हता.

“कशी म्हणाली, ते म्हणून दाखव,” तो म्हणाला.

रेनातो कावराबावरा झाला. त्यानं गोर्दानाबाईंकडे बघितलं, मिर्नाकडे बघितलं. मग डोळे मिटले, आणि तो घोगरा बसड्रायव्हर जमेल तितक्या हलक्या आवाजात म्हणाला, “थां... बा.”

सिल्वानोनं कान दिला होता. त्यानं हळूच मान हलवली.

“नाही,” तो म्हणाला. “अजून हळू.”