वय वर्षे ऐंशीची बरणी

ऐंशीव्या वर्षासाठी राखून ठेवलेली बरणी ह्यांनी सहासष्टाव्या वर्षी उघडली, तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं. तुम्ही म्हणाल, बरणीच ती, उघडली तर उघडली. पण त्यासाठी आमचे हे काय चीज आहेत ते आधी सांगायला हवं.

ह्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. काम बारीक, स्वभाव त्याहून बारीक. पाइप ओढायचं खूळ लग्नाआधीपासूनचं, आणि ओढण्यापेक्षा साठवण्याचं खूळ मोठं. तंबाखू म्हणे ताजा ओढायचा नसतो, मुरवायचा असतो. काचेच्या बरणीत दाबून भरायचा, झाकण घट्ट लावायचं आणि विसरून जायचं. पाच वर्षांनी त्याचा तिखटपणा जातो, दहा वर्षांनी गोडी येते, पंधरा वर्षांनी काय होतं ते सांगताना ह्यांचे डोळेच मिटतात. मधे उघडून बघायचं नाही. हवा लागली की संपलं.

आमच्या जिन्याखालचं कपाट असं बावन्न बरण्यांनी भरलेलं. मी घरी कपडे दुरुस्तीचं काम करते, गिऱ्हाइकांचे कोट नि पडदे ठेवायला मला वीतभर जागा नाही, पण तंबाखूला अख्खं कपाट! प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. अक्षर डोळे तपासायच्या तक्त्यासारखं स्वच्छ. वर तंबाखूचं नाव, मधे भरल्याची तारीख आणि खाली ती उघडायची तेव्हा ह्यांचं वय किती असेल ते. ‘वय ६८.’ ‘वय ७०.’ सगळ्यांत वरच्या फळीवर, तारेच्या खिट्टीच्या, झाकणाला रबराचं कडं असलेल्या मोठ्या बरण्यांवर, ‘वय ७५’पासून ‘वय ८०’पर्यंत.

“ऐंशीपर्यंत जगायचा परवाना काढलाय वाटतं,” मी म्हणायचे.

“अर्ज केलाय,” हे म्हणायचे. “उत्तर आलेलं नाही.”

आणि नियमाचे इतके पक्के, की लेकीच्या लग्नात व्याह्यांनी हात जोडले तरी ‘वय ७०’ उघडली नाही. व्याही अजून टोमणे मारतात.

दोन महिन्यांपूर्वी ह्यांचा खोकला बळावला. डॉक्टरांनी तीन दिवस रुग्णालयात ठेवून घेतलं, छातीच्या नाही नाही त्या तपासण्या केल्या. रात्री तिथे कुणाला थांबू देत नसत. घरात माझा पाय ठरेना. बसलं की नको ते विचार यायचे, म्हणून मी पडदे उतरवले, गाद्या उलथ्या केल्या, सगळं घर धुऊन काढलं. चौथ्या दिवशी हे घरी आले. “काय म्हणाले डॉक्टर?” मी विचारलं. “ठीक आहे सगळं,” म्हणाले आणि थेट जिन्याखालच्या कपाटाकडे गेले. मला कागदाचा चिटोराही दाखवला नाही.

त्यानंतर ह्यांचं ओढणं एकदम कमी झालं. दिवसाला चारदा ओढणारा माणूस आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी, मागच्या गच्चीत जाऊन बसायला लागला. पस्तीस वर्षं मी ज्यासाठी डोकेफोड केली ते न सांगता झालं, तर मला आनंद व्हायला हवा होता ना? सुरुवातीला झालाही. मग दोन आठवड्यांपूर्वी एका बुधवारी मी कपडे वाळत घालायला गच्चीत गेले आणि ह्यांच्या खुर्चीशेजारी बरणी दिसली. ‘वय ७५.’

“अहो, ही कशी उघडली?”

“सहज,” हे म्हणाले. नजर वर केली नाही.

सहज! बायकोचा वाढदिवस सहज विसरणारा माणूस बरणी सहज उघडत नाही. रविवारी ‘वय ७७’ उघडली. पुढच्या बुधवारी ‘वय ७८’. एकेक पाइप ओढायचे, डोळे मिटून बसायचे, मान हलवायचे आणि बरणी बंद करायचे. पुन्हा तिला हात लावायचा नाही, पुढच्या वेळी दुसरी. मला तर दिसत होतं. हा माणूस पुढच्या सगळ्या वर्षांची एकेकदा चव घेऊन निरोप घेत होता. आणि परवाच्या रविवारी ‘वय ८०’ उघडली.

माझी जीभ कशी आहे हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. गिऱ्हाइकाने पोट आत घेऊन माप दिलं तर मी तोंडावर सांगते, सोडा ते पोट, सदरा तुम्हालाच घालायचाय. पण हा एक प्रश्न माझ्या तोंडून फुटेना. विचारलं आणि हे “हो” म्हणाले तर? मग मी काय करायचं? म्हणून मी मूग गिळून बसले. ह्यांच्या ताटात जास्त वाढायचे. चपला दाराशी अस्ताव्यस्त टाकल्या तरी बोलायचे नाही. रात्री हे झोपले की मी ह्यांचे श्वास मोजायचे. दिवसा मशीनवर बसले की टाके वाकडे. एका बाईच्या कोटाच्या दोन्ही बाह्या मी एकाच बाजूच्या करून ठेवल्या.

शेवटी काल सकाळी ठरवलं, ह्यांना नाही तर दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं. ह्यांच्या मनातलं माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असेल तर तो तंबाखूवाला. मी त्याच्या दुकानात पस्तीस वर्षांत कधी पाऊल टाकलं नव्हतं. लांबूनच नाक मुरडायचे. आत गेले तर अंधारी, नीटनेटकी खोली, भिंतीला लाकडी खण आणि तराजूमागे एक म्हातारा, शर्टाचं वरचं बटण लावलेला. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून उभा राहिला.

“वहिनी! साहेब बरे आहेत ना? दोन महिन्यांत फक्त एकदा आले.”

“तेव्हा काय नेलं?”

“काही नाही. मी नवीन माल काढून दाखवला, मुरवायला एक नंबर. नुसता वास घेतला. म्हणाले, आता नको, आहे तेवढा मला जन्माला पुरेल.” म्हाताऱ्याने तराजू बाजूला सारला. “मला ते बरं नाही वाटलं, वहिनी.”

त्याने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. मी पाणी प्यायले, ग्लास ठेवला, आणि मग मला असा काही संताप आला म्हणता! मरायचं ते मरायचं आणि वर लपवायचं? तंबाखूवाल्याला सांगायचं आणि बायकोला नाही? मी तिथून जी निघाले ती तडक ह्यांच्या दुकानात.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हे खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी चष्म्याच्या दांडीला स्क्रू बसवत होते. मी दारातच उभी राहिले.

“खरं सांगा. किती दिवस?”

“तुझा नवा चष्मा? परवापर्यंत देतो.”

“चष्मा गेला खड्ड्यात! तुमचे! तुमचे किती दिवस राहिलेत?”

ह्यांच्या हातातला स्क्रू पडला. एरवी स्क्रू पडला की हे जमिनीवर गुडघे टेकून शोधतात. काल बघितलंही नाही.

“कुणी सांगितलं तुला असलं काही?”

“तुमच्या बरण्यांनी सांगितलं!” आणि मग माझा बांध फुटला. पंचाहत्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, बुधवार, रविवार, म्हाताऱ्याला काय म्हणालात, सगळं. हे ऐकत होते. आधी चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला, मग काय करावं ते न सुचून त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसायला घेतला.

“अगं,” ते म्हणाले, “त्या बरण्या वाळल्यात.”

“म्हणजे?”

“मी रुग्णालयात होतो तेव्हा तू कपाट साफ केलंस.”

“केलं. मग? बोटभर धूळ होती.”

“वरच्या फळीवरच्या चौदाही बरण्यांची रबरं काढून धुतलीस.”

“चिकट झाली होती! सोड्याच्या पाण्यात उकळून काढली. बरण्या घटकाभर उघड्या राहिल्या तर काय होतंय! चांगली लख्ख झाली.”

“लख्ख झाली आणि सैल झाली. झाकण बसतं, खिट्टी लागते, पण हवा आत जाते. तंबाखूचा चहाच्या पुडीसारखा चुरा झालाय. पाणी शिंपडून मऊ होईल, पण चव गेली ती गेली. दोन आठवड्यांपूर्वी काचेतून रंग उतरलेला दिसला, तेव्हापासून कुठली वाचली, कुठली नाही, ते एकेक उघडून बघतोय. चार झाल्या, एकही वाचली नाही.”

मी मटकन खुर्चीवर बसले. गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची खुर्ची ती, समोर तक्ता. पंधरा पंधरा वर्षं मुरवलेल्या बरण्या, आणि मी तीन दिवसांत त्यांची वाट लावली होती.

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? तू एकटी घरात, काळजीने हात चालवत बसलीस. त्यावर तुला काय ऐकवायचं? आणि गेले काही दिवस तू गप्प गप्प. मला वाटलं, तुला कळलंय आणि मनाला लागलंय. म्हणून मीही गप्प.”

म्हणजे दोन आठवडे मी मनातल्या मनात विधवा झाले होते, आणि ह्यांना वाटत होतं मी रबराचं दुःख करतेय!

“आणि छाती? डॉक्टर?”

ह्यांनी खण उघडून पाकीट काढलं. मी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. गाठ नाही. डाग नाही. खोकला ओढण्याचा, बंद करा असं चक्क तारखेसह लिहिलेलं.

“बंद करा लिहिलंय इथे,” मी म्हणाले.

“मी घासाघीस केली. आठवड्यातून दोनदा ओढेन म्हटलं. डॉक्टरांनी हात टेकले. हे तुला दाखवलं असतं तर तू दोनदाही ओढू दिलं नसतंस, म्हणून इथे ठेवलं.” मग जरा खाकरून म्हणाले, “हिशोब केला मी. दोनदाने वर्षाला एक बरणी लागते. त्या चौदा सगळ्या गेल्या धरल्या तरी उरतात अडतीस. म्हणजे एकशे चार वर्षांचा होईपर्यंत पुरतील. नवीन घेऊन काय करू?”

एकशे चार! मला हसू की रडू ते कळेना. जीव भांड्यात पडला म्हणतात, माझा पडला तो इतक्या जोरात की भांडंच फुटायचं. तंबाखू गेला, चौदा बरण्या गेल्या, ह्यांनी कागद लपवला, ह्या सगळ्यावर भांडायचं होतं आणि मी भांडणारही आहे. पण आधी मला एक गोष्ट ऐकायची होती.

“म्हणा, मी बरा आहे.”

“अगं, कागदावर लिहिलंय की.”

“कागद राहू दे. तुम्ही म्हणा.”

“मी बरा आहे.”

“पुन्हा.”

“मी बरा आहे.”

“नीट म्हणा. पुटपुटू नका.”

“मी बरा आहे!” हे इतक्या मोठ्याने ओरडले की समोरच्या फळीवरच्या काचा थरथरल्या. शेजारच्या पुस्तक बांधणीच्या दुकानातल्या बाई हाताला खळ तशीच ठेवून धावत दारात आल्या.

“काय झालं? काय झालं हो?”

“काही नाही,” मी म्हणाले. “हे बरे आहेत.”

“अगंबाई, आजारी होते का?”

“नाही हो,” मी म्हणाले, आणि त्या परक्या बाईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.