हडळीची हाळी

पडद्यावरच्या पाट्या संपेपर्यंतच प्रेमिलाला कळून चुकलं की सिनेमा टुकार आहे. 'समर कॅम्पची हडळ' असं भारदस्त नाव, पण कॅम्पला आलेल्या शाळकरी पोरांच्या गालांवर दाढीचा हिरवेपणा दिसत होता. मध्यरात्रीच्या प्रसंगात लख्ख उन्हात झाडांच्या सावल्या पडल्या होत्या. आणि ती हडळ! बिचारी धावली की लुगड्याखालून पांढरे स्पोर्ट्स शूज दिसत. हीरो म्हणे घनदाट जंगलात वाट चुकला होता. ते जंगल म्हणजे काटोलजवळची प्रेमिलाच्या भावाची, चंपतरावांची संत्र्याची बाग, आणि हीरो फिरून फिरून त्याच एका विहिरीपाशी येत होता.

दिग्दर्शक चंपतरावांचा मुलगा दुर्गेश, म्हणजे तिचा भाचा. नागपूरच्या पोरांना त्या नात्याशी काय देणंघेणं?

"अबे, हडळीले मोजे तरी घेऊन द्या बे!" समोरून कोणी ओरडलं, आणि अख्खं थिएटर हसलं.

प्रेमिलाशेजारी तिचा नवरा जितेंद्र अंग चोरून बसला होता. इतवारीत त्याचं कापडाचं दुकान. मोठ्या तोऱ्यात त्याने ओळीतले सगळे दुकानदार सहकुटुंब आणले होते. पलीकडच्या खुर्चीवरचे, इतवारीतले जुने शेजारी भैय्याजी तर घोरायच्या बेतात होते.

"तुह्या भाच्यानं नाक कापलं वं माहं," जितेंद्र पुटपुटला.

"दम धरा न जरा! अजून हडळीनं तोंड कुठी उघडलं?"

"हळू बोल न वं. लोक पाहून राहिले."

हळू बोल. लग्न होऊन इतवारीच्या गल्लीत आली तेव्हापासून प्रेमिला हे ऐकत होती. पुढे मनीषनगरात फ्लॅट घेतला, तर तिथे भिंती पातळ निघाल्या. फोनवर हळू, पाहुण्यांत हळू, आनंदातसुद्धा हळूच. जितेंद्र माणूस वाईट नव्हता, पण बायकोचा आवाज म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शेवटी तिलाही वाटू लागलं की आपल्या गळ्यातच काही खोट आहे. शेजारणी तिला गरीब गाय म्हणत. माहेरची माणसं हे ऐकून पोट धरून हसली असती.

कारण माहेरी तिचा आवाज चार बागा ओलांडून जायचा. संत्र्यांवर वांदरांची टोळी उतरली की प्रेमिला बांधावर उभी राहून हाळी द्यायची. मग शेजारच्या बागेतून उत्तराची हाळी यायची, तिला पुढच्या बागेतून. तिकडची ही रीतच. जी बाग गप्प राहील तिच्यात टोळी शिरणार, म्हणून हातातला घास टाकूनही माणूस उत्तर देतो.

शूटिंगच्या वेळी प्रेमिला माहेरीच होती. हडळीचं काम करणारी मुलगी चांगली होती, पण किंचाळायला सांगितलं की झुरळ पाहिल्यासारखी चिरकायची. दुर्गेश डोक्याला हात लावून बसलेला असताना विहिरीकडून वांदरं आली, आणि प्रेमिलाने सवयीने हाळी दिली. साउंडवाल्याने कानातलं यंत्र उपटून फेकलं. दुर्गेश उठून नाचायला लागला. "आत्या, हेच पाहिजे! हेच!"

तो आवाज आता यायचा होता. जितेंद्रला तिने यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. ही पोरं हसली, तर इतकी वर्षं नवराच खरं बोलत होता असं ठरेल, आणि मग आपण जन्मात तोंड उघडणार नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पडद्यावर पोरं तंबूत झोपली. हडळ विहिरीच्या काठावर चढली. "मोजे! मोजे!" पोरांनी ठेका धरला. हडळीने मान मागे टाकली.

"हेऽऽऽ होऽऽऽऽ!"

भिंती थरारल्या. ठेका जिथल्या तिथे तुटला. हसलं कोणीच नाही. पण खरी गंमत पुढेच झाली. शेवटच्या रांगांत चंपतराव आणि सकाळच्या एसटीने आलेलं अर्धं गाव बसलं होतं. अंधारात बागेची हाळी कानावर पडली, आणि सिनेमा-बिनेमा विसरून ती सगळी माणसं ताडकन उभी राहिली. बायाबापड्यांसकट साऱ्यांनी घसा फोडून उत्तर दिलं.

"होऽऽ हो हो होऽऽऽ!"

समोर एक हडळ आणि पाठीमागे हडळींचं गाव! नागपूरकरांची पाचावर धारण बसली. पॉपकॉर्न छताकडे उडाले. मोजेवाला पोरगा मित्राच्या मांडीवर चढला. भैय्याजी 'राम राम राम' करत खुर्चीखाली पाय ओढू लागले. आणि जितेंद्रने प्रेमिलाचं मनगट दोन्ही हातांनी असं आवळलं की बांगड्या रुतल्या.

मग एक शिट्टी वाजली, आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. उरलेला सिनेमा तितकाच टुकार होता, पण साधं पान हललं तरी लोक पाय वर घेत होते. प्रेमिलाला अंधारात एकटीलाच हसू येत होतं, आणि डोळेही भरून येत होते.

बाहेर पडल्यावर पायऱ्यांवर ही गर्दी. दुर्गेशला लोकांनी घेरलं होतं. मोजेवाला पोरगा शेपूट घालून सेल्फी मागत होता.

"जितेंद्रभाऊ, काय आवाज होता गा!" भैय्याजी अजून घाम पुसत होते. "माहं काळीज तोंडात आलं. कोणाचा म्हणायचा तो?"

"मुंबईहून बोलावली असंन एखादी," जितेंद्र ऐटीत म्हणाला.

"माहा!" प्रेमिला म्हणाली.

हळू नाही म्हणाली. खालच्या पायरीवरची माणसंही वळून पाहू लागली. जितेंद्रचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

"वहिनी, तुमचा?" भैय्याजी थक्क झाले. "एवढी वर्षं शेजारी राह्यलो, तुमचा आवाज कधी ऐकूच नाही आला."

"आता येईल," प्रेमिला म्हणाली, आणि खळखळून, साऱ्या पायऱ्यांना ऐकू जाईल अशी हसली.

मनीषनगर येईपर्यंत गाडीच्या काचा उघड्या होत्या. ती बोलत होती आणि जितेंद्र ऐकत होता.