आधी विका, मग घ्या

माझ्या बहिणीला घर विकायचा सल्ला मी दिला. तो दुसऱ्या कुणाच्या माथी मारायचा नाही, म्हणून आधीच लिहून टाकतो.

भागीरथाबाई माझी थोरली बहीण, मी तिला बाईच म्हणतो. तिचं घर वर्ध्यात, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून. दोन खोल्या, वर कवेलूचं छप्पर. लहानूभाऊजी त्याच जिनिंगमध्ये तीस वर्षं राबले आणि दमा घेऊन बाहेर पडले. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की रुईचे बारीक तंतू घरात यायचे. भाकरीवर, पाण्यावर, अंथरुणावर बसायचे. भाऊजी चार महिने बसून झोपायचे. डॉक्टरनं साफ सांगितलं, ही जागा सोडा, नाहीतर औषधाला पैसे घालू नका.

मी सातवी पास, ऑफिसात चपराशी. पण वस्तीत अर्ज लिहून देणारा, पेपर वाचणारा मी एकटाच. त्यामुळं शहाणा. ऑफिसातले साहेब लोक बोलताना ऐकलं होतं : आधी विका, मग घ्या, हातात रोकड असली की घर विकणारा नरम येतो. तेच मी बाईला ऐकवलं. साहेबांना एक घर विकलं की आठ दिवसांत दुसरं मिळतं. ते त्यांना काऊन मिळतं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात घर विकलं. घेणारा अडत्या, त्याला गोदामासाठी जागा पाहिजे होती. एकोणीस हजार दिले. दुसरं घर मिळेपर्यंत भाड्यानं राहा म्हणाला. बाई स्वतःच्याच घरात भाडेकरू झाली. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, मी म्हटलं.

सावंगीला वासुदेवरावांचं घर पाहिलं. तेव्हा तिकडं शेतं होती, अधूनमधून घरं. शहरातले लोक तिकडं सरकू लागले होते आणि भाव महिन्या-महिन्याला हलत होता. दोन खोल्या, अंगणात विहीर, चारी बाजूंनी मोकळं. सतरा हजारांत जमलं. भाऊजी अंगणात एक चक्कर मारून आले, कुठं न थांबता. बाईनं बादली विहिरीत सोडली, पाणी काढलं, भाऊजींना पाजलं, स्वतः प्याली. वासुदेवरावांनी चहा सांगितला. इसारपावती लिहायला घेतली आणि पूर्ण नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं.

त्यांचा पेन थांबला. त्यांनी एकदा विहिरीकडं पाहिलं.

मग म्हणाले, घरात विचारून सांगतो. आठ दिवसांनी गेलो तर म्हणे, भाव चढून राह्यले, सध्या विकायचंच नाही. चहा आलाच नाही.

त्या वर्षात आणखी तीन घरं पाहिली. नाव सांगेपर्यंत या-बसा, नाव सांगितलं की शेजारी काय म्हणतील. एक तर म्हणाला, मी काही मानत नाही बुवा, पण म्हातारी आई आहे. ह्यांच्या म्हाताऱ्या आया कधी मरतच नाहीत. आणि प्रत्येक नकारानंतर पुढचं घर हजार-दोन हजारानं महाग. बाजार सगळ्यांसाठीच चढत होता, पण पायरीवर उभं ठेवलं होतं आम्हालाच.

माझ्या ऑफिसात महादेवराव नावाचे बाबू होते. केळझरकडचे, शेतीवाडीचे. माणूस सरळ. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबाराव, वासुदेवरावचं घर अजून पडलंच आहे. कागद माह्या नावानं होऊ द्या. सालभरानं बाईच्या नावानं करून देतो. गणपतीची आण."

"पैसा आमच्या बाईचा अन् नाव तुमचं? आमच्या नावाले काय महारोग झाला?"

"मी नाई म्हणत. तो म्हणते."

"मंग त्याच्यापुढं मी मान काऊन खाली घालू?"

ते परत टेबलाकडं गेले. मला फार बरं वाटलं. संध्याकाळी बाईकडं जाऊन मी ही हकीकत मोठ्या आवाजात सांगितली, पराक्रम केल्यासारखी. भाऊजी खोकता खोकता हसले, बेस केलं म्हणाले. बाई भाकरी थापत होती. काही बोलली नाही. ती बोलली नाही याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला. घर तिचं, पैसा तिचा, नवरा तिचा. आणि तिला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं. भाऊजींना बसूनही झोप येईना. ओठ निळे पडायचे. मग मीच महादेवरावांपुढं उभा राहिलो. म्हटलं, तुमच्या नावानं करा. कसंही करा. त्यांनी एक शब्द ऐकवला नाही. त्याच दिवशी सायकल काढली.

वासुदेवरावांनी त्यांना खुर्ची दिली. मी दाराबाहेर भिंतीआड उभा राहिलो, त्यांनी मला ओळखू नये म्हणून. ओळख निघाली, सोयरीक निघाली. मग भाव निघाला : एकतीस हजार. "आपल्या मानसाले नाई कसं म्हणू? पन तुमी मागच्या साली याले पायजे होतं, महादेवराव. आता एक रुपया कमी नाई."

एकतीस कुठून आणणार? परतताना महादेवराव म्हणाले, माझ्याकडं दोन हजार आहेत. दोननं काय होत होतं?

पौषात भाऊजी गेले. दिवसा, भर कामाच्या वेळी. भोंगा झाला तेव्हा जिनिंगमधले जुने सोबती भिंतीला वळसा घालून आले, डोक्यावर रुई तशीच.

बुद्धवंदना, पुण्यानुमोदन झालं, माणसं गेली. बाई अंगणात कपबशा धुवत होती. मी जवळ बसलो. म्हटलं, बाई, त्या लोकांनी आपल्याला मारलं. ते खोटं नव्हतं. आजही मी तेच म्हणतो आणि कुणाच्याही तोंडावर म्हणतो.

तिनं हातातली बशी खाली ठेवली.

"त्यायनं तं मारलंच, भाऊ. पन तू मले एकडाव तरी इचारलं असतं. मले दारावर नाव नोतं पायजे. मले तुह्या भाऊजीसाठी हवा पायजे होती."

माझ्यापाशी उत्तर होतं. असं नाव लपवून घेतलेल्या घरात उद्या काय काय झालं असतं, ते मी तासभर सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. तिनं बशी पुन्हा उचलली, आणि मी उरलेले कप तिच्याजवळ सरकवले.