मागे ओतलेलं पाणी

प्रेना आणि झेफ ही बहीणभावंडं दरवर्षी हिवाळी गीत महोत्सवासाठी एक गाणं पाठवायची, आणि दरवर्षी ते साभार परत यायचं. प्रेना शब्द लिहायची, झेफ चाल बांधायचा. ती देशाच्या उत्तरेकडच्या श्कोदर गावातल्या एका शाळेत भाषा शिकवत होती. तो लग्नांमधून की-बोर्ड वाजवायचा आणि उरलेल्या वेळात आपल्यावर अन्याय झालाय असं मानायचा. "राजधानीतल्या तिरानावाल्यांच्या कानात आपली उत्तरेची बोली शिरतच नाही," असं त्याचं ठाम मत होतं. प्रेनाला तसं वाटत नसे. तिच्या मते गाणी बेताचीच होती.

पाणी ओतण्याचं गाणं मात्र बेताचं नव्हतं. घरातून कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की त्याच्या पाठीमागे, उंबऱ्यातून रस्त्यात पाणी ओतायचं, म्हणजे वाट पाण्यासारखी सरळ जाते, असं त्या भागात मानतात. प्रेनाच्या शेजारच्या तेरेझाने तीन मुलांमागे असं पाणी ओतलं होतं. एक ग्रीसला गेला, एक इटलीला, धाकटी जर्मनीला. आता तेरेझाच्या घरातून जाणारं कोणी उरलं नव्हतं. एकदा तिच्याकडे कॉफीला बसलेली असताना प्रेनाची नजर कोपऱ्यातल्या भरलेल्या घागरीवर गेली आणि घरी येऊन तिने एका बैठकीत गाणं लिहून काढलं. झेफने चाल लावली तीही, त्याच्या मानाने, फार न सजवता.

गाणं निवडलं गेलं. पण निवड समितीने एक अट घातली, गायिका आम्ही देऊ. झेफच्या डोळ्यांपुढे गावातली एक भारदस्त बाई होती, लग्नात तीच गायची. समितीने दिली केयसी. तिरानाची पोरगी, टीव्हीवरच्या स्पर्धेतून पुढे आलेली, केस रुपेरी रंगवलेले.

"गेलं गाणं," झेफ म्हणाला.

तालमीच्या पहिल्या दिवशी केयसी शब्दांचा कागद घेऊन प्रेनाजवळ आली. "बाई, हे 'श्ताम्ब' म्हणजे काय हो?"

"मातीची घागर."

"बरं. आणि हा शब्द?"

प्रेनाने तोही सांगितला. पोरीने सगळ्यांचे अर्थ विचारून घेतले, पण गाणं कशाबद्दल आहे हे मात्र विचारलं नाही. बाटलीतलं पाणी पिऊन वाढलेलं लेकरू, हिला काय कळणार, असं प्रेनाच्या मनात आलं आणि तिने तो विषय सोडून दिला.

महोत्सव नाताळच्या आधी तीन संध्याकाळी चालतो. मोठं सभागृह, समोर सगळा वाद्यवृंद, आणि निकाल पंचांच्या हातात. जिंकेल त्या गाण्याने मे महिन्यात देशाच्या नावाने युरोपच्या स्पर्धेत जायचं. बाकीच्यांनी आपापल्या घरी. अंतिम संध्याकाळी केयसी गायली ती अंगावर काटा यावा अशी. हात हलवला नाही, पाऊल उचललं नाही. सभागृहाच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळावर तिने नजर लावली होती, ती गाणं संपेपर्यंत काढली नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिलं की अशी तपस्वी स्तब्धता या मंचावर कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

गाणं पहिलं आलं. झेफ रडला, मग वाद्यवृंदाच्या संचालकाचे मुके घेतले, मग एका पंचाचेही घेऊ लागला तेव्हा प्रेनाने त्याला कोटाला धरून मागे ओढलं. केयसीने फुलं घेतली, आभार मानले आणि फोन वाजला म्हणून आत गेली ती फोटोंसाठीसुद्धा परत आली नाही.

जानेवारीत झेफ प्रेनाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. खिशातून फोन काढून त्याने टेबलावर ठेवला आणि नको तितक्या वेळ कॉफीत साखर ढवळत राहिला.

"ताई, ऐक. आधी पूर्ण ऐक, मग बोल."

फोनमधून ढोल वाजल्यासारखं काहीतरी सुरू झालं. स्वीडनमधल्या कोणा जाणकारांनी गाणं नव्याने बांधलं होतं. युरोपच्या स्पर्धेत तीन मिनिटांच्या वर गाता येत नाही, त्यामुळे शेवटचं कडवं छाटलं होतं. आणि सगळं इंग्रजीत होतं. प्रेनाला इंग्रजी बोलता येत नसलं तरी समजायचं. पाणी उडव, म्हणे, मला भिजव, आजची रात्र आपली.

"आई कुठाय यात?" तिने विचारलं.

"आहे की. मधल्या कडव्यात."

"तिथे 'बेबी' आहे."

"अगं तेच ते! कोणीतरी जवळचं माणूस आहे ना? युरोपला तेवढं पुरतं."

"झेफ, माझी म्हातारी पोरांसाठी उंबऱ्यात उभी आहे. ही पोहायच्या तलावावर उभी आहे."

"मग काय झालं? पाणी तर पाणीच!"

प्रेनाने फोन उचलून त्याच्या हातात दिला. "तू हो म्हणून आलायस, नाही का?"

झेफने कपात पाहिलं. राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या पथकाचे प्रमुख लुआनसाहेब यांनी त्याला जेवायला नेलं होतं, आणि जेवण संपायच्या आत तो हो म्हणून बसला होता. पण शब्द बदलायचे तर ज्याने लिहिले त्याचीही संमती लागते, आणि ती जेवणावर मिळण्यातली नव्हती.

"मी नाही देणार," प्रेना म्हणाली.

"आयुष्यात एकदा दार उघडलंय ताई, आणि तू त्यात पाय घालून उभी राहतेस!"

"दार माझ्याच शब्दांनी उघडलंय."

"अन् माझी चाल काय झोपली होती?" असं म्हणून तो उठला आणि कॉफी तशीच टाकून गेला.

श्कोदर लहान आहे. गोष्ट आठवड्याभरात सायकलींवर बसून गावभर हिंडली. सरोवराचे मासे विकणारा मार्टिन खवले काढता काढता म्हणाला, "बाई, तुमच्यापायी आपला देश मागे राहणार म्हणतात." शिक्षकांच्या खोलीत निम्मे तिच्या बाजूचे होते, निम्मे नव्हते, आणि दोन्हीकडच्यांनी मूळ गाणं नीट ऐकलेलं नव्हतं. सकाळच्या कार्यक्रमात एका गृहस्थाने तिला भाषेची पहारेकरीण म्हटलं, दुसऱ्याने हेकट मास्तरीण. प्रेनाने दोन्ही ऐकून टीव्ही बंद केला. तेरेझाला एवढंच कळलं की गाण्यात आपली घागर आहे. तिने ती घासून दारात आणून ठेवली, बघायला येणाऱ्यांची सोय म्हणून.

लुआनसाहेबांचा फोन आला. माणूस सभ्य होता, आवाज चढवत नव्हता.

"बाई, तुमच्या शब्दांबद्दल मला आदरच आहे. माझी आईसुद्धा तिकडचीच."

"मग तिला ऐकवा हे नवं."

"ऐकवलं. तिला आवडलं नाही," लुआनसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले. "पण तिला मत देता येत नाही ना. आपल्या देशातून आपल्याच गाण्याला मत देता येत नाही. मतं बाहेरच्यांची. त्यांना समजेल असं काहीतरी द्यायला हवं."

यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच प्रेनाला तो फोन सगळ्यांत जास्त लागला. तरी ती नाहीच म्हणाली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दारावर केयसी उभी. तिरानाहून मिनीबसने आली होती, एकटी. रुपेरी केस टोपीत कोंबलेले, नाक थंडीने लाल. प्रेनाने तिला शेगडीजवळ बसवलं आणि आदल्या दिवशीचा, पालक भरून भाजलेला ब्युरेक गरम करून पुढे ठेवला. पोरीने तो निमूट खाल्ला. प्रेनाने मनात उत्तरं तयार ठेवली होती.

"लुआनसाहेबांनी पाठवलं?"

"त्यांना माहीतसुद्धा नाही. बाई, मला ते इंग्रजीतच गाऊ द्या."

"का? बक्षीस मिळेल म्हणून?"

"नाही मिळणार. ते नवं गाणं फालतू आहे, मला कळतं." तिने बशी बाजूला सरकवली. "पण ते मला गाता येतं. तुमचं नाही येत."

"डिसेंबरात तर गायलीस."

"घड्याळ बघत गायले. सेकंदकाटा मोजत होते. आईचा शब्द आला की दुसरंच काहीतरी म्हणते आहे असं धरून चालायचे."

वर्गात मूल खरं सांगायला लागलं की मध्ये बोलायचं नसतं, एवढं प्रेनाला नोकरीने शिकवलं होतं.

"तुमच्या गाण्यात मुलं जातात आणि आई राहते," केयसी म्हणाली. "आमच्याकडे आई गेली. इटलीला, बारीला. मी सहा वर्षांची होते. आजीने दारातून पाणी ओतलं. मला म्हणाली, तूही ओत. मी खोलीत जाऊन कडी लावून घेतली. आई बाहेरून हाका मारत होती, बस सुटायची वेळ झाली, तरी मी कडी काढली नाही."

"मग?"

"मग काय? गेली. पैसे पाठवायची, खेळणी पाठवायची. उन्हाळ्यात यायची तेव्हा मी पाहुण्यांशी बोलतात तसं बोलायचे. पुढे आमचं बोलणं बंदच पडलं. आणि डिसेंबरात मी जिंकले त्याच क्षणी तिचा फोन. रडत होती. म्हणाली, 'माझ्यासाठी गायलीस ना ग? मला कळलं. मला माफ केलंस.'" केयसीने नाक पुसलं. "मी केलेलं नाहीये बाई. कदाचित करीन, माहीत नाही. पण ते मी ठरवणार. आता मे महिन्यात सगळ्या जगासमोर तेच गाणं गायचं, तीही तिकडे बघत बसणार, आणि माझ्या तोंडून तुम्ही तिला माफ करून टाकणार."

शेगडीतलं लाकूड तडकलं. प्रेनाला एकदम थकल्यासारखं झालं. गाणं तेरेझाचं आहे, आपलं आहे, झेफचं आहे, देशाचं आहे, यावरून महिनाभर रण माजलं होतं. ते ज्या गळ्यातून निघायचं त्या गळ्याचं काय, हे कोणीच विचारलं नव्हतं. तिनेही नाही.

"हे झेफला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"मग सांगूही नकोस," प्रेना म्हणाली. "लोकांना गाण्यापेक्षा असल्या गोष्टी जास्त आवडतात."

सोमवारी तिने लुआनसाहेबांना कळवलं. नवे शब्द घ्या, माझी हरकत नाही. फक्त शब्दांखाली माझं नाव लावू नका, कारण ते माझे नाहीत. लुआनसाहेबांनी दोनदा आभार मानले आणि कारण विचारलं नाही.

कारण न कळल्यामुळे ज्याने त्याने आपापलं लावून घेतलं. मार्टिन म्हणाला, बाईंना शेवटी अक्कल आली. पहारेकरीण म्हणणाऱ्या गृहस्थांनी, बाई विकल्या गेल्या, असं सूचित केलं. झेफला वाटलं, आपलाच शब्द बहिणीच्या मनाला लागला. तो मोकळ्या मनाने केकचा डबा घेऊन आला आणि नाव काढल्याचं कळताच पुन्हा भडकला.

"लोक काय म्हणतील? बहीणभावात बिनसलं म्हणतील!"

"बिनसलंच होतं की. केक कशाचा आहे?"

"अक्रोडाचा," झेफ फुरंगटून म्हणाला, आणि सुरी आणायला उठला.

मे महिन्यात प्रेनाच्या घरी शेजारपाजारचे जमले. तेरेझा सगळ्यांत पुढे. केयसी निळ्या झगझगीत पोशाखात आली, चार नाचणारे मागेपुढे, जमिनीवर खोटं पाणी चमकत होतं. ती उत्तम गायली. हसली, गिरकी घेतली, शेवटी प्रेक्षकांकडे बघून डोळा मिचकावला. प्रेना तिची नजर शोधत होती. नजर कॅमेऱ्यावरच होती आणि तिच्यात कसलीही धास्ती नव्हती.

"यात घागर कुठे होती?" तेरेझाने विचारलं.

"नाचणाऱ्यांच्या मागे," मार्टिन म्हणाला, आणि तेरेझाचं समाधान झालं.

उपांत्य फेरीतून पुढे जाणाऱ्यांची नावं एकेक करून पुकारली गेली. त्यांत केयसीचं नव्हतं. झेफ उठून बाल्कनीत गेला आणि बराच वेळ तिथेच सिगारेट ओढत राहिला. पुढचे काही दिवस वर्तमानपत्रं हळहळली. मूळ भाषेत गायलं असतं तर, असं आता तेच लिहीत होते ज्यांनी हिवाळ्यात प्रेनाला हेकट म्हटलं होतं. शाळेत एकाने तिला तसं म्हणूनही दाखवलं. "असेल," ती म्हणाली आणि वर्गावर गेली.

शाळेला सुट्टी लागायच्या सुमारास एका दुपारी ती सरोवरातला मासा भाजायला ठेवत असताना फोन वाजला. नंबर इटलीचा होता.

"बाई, मी केयसी. बारीहून बोलतेय."

"गाण्याच्या कार्यक्रमाला गेलीस?"

"नाही. इकडे उतरले, चार दिवस राहू म्हणून." मागून कोणीतरी भांडी आपटत असल्याचा आवाज येत होता. "तिने स्पर्धा पाहिली. इंग्रजी येत नाही तिला. विचारत होती, गाणं कशावर होतं. मी म्हटलं, पोहण्यावर. तर म्हणाली, पोशाख छान होता."

"बरं झालं."

"काल भांडलो आम्ही. कडाक्याचं. पास्ता किती शिजवायचा यावरून सुरू झालं आणि कुठच्या कुठे गेलं. मी त्या कडीचं बोलले, ती बसचं बोलली. शेजारी येऊन दार ठोठावून गेले."

"आणि आज?"

"आज ती परत पास्ताच करतेय," केयसी म्हणाली. "परत जास्तच शिजवतेय. थांबा जरा, ती काहीतरी विचारतेय…" फोन बाजूला झाला, दोन बायकांचे आवाज एकमेकींवर चढले, एक शब्द धड कळेना, मग पोरगी परत आली. "विचारते, कोणाशी बोलतेस. मी म्हटलं, आमच्या बाईंशी. बाई, तुम्हाला वेळ आहे ना?"

प्रेनाने मासा ओट्यावर ठेवला, हात पुसले आणि खुर्ची ओढून घेतली. "आहे," ती म्हणाली. "बोल."