फुकटचा भराव

वीजकेंद्र बंद पडून चार वर्षं झाली आणि आता म्हणे राखेचा तलाव साफ करणार. तलाव आपला नावाला. कोळसा जाळून उरलेली राख पाण्यात कालवून वर्षानुवर्षं तिथे सोडली, झालं. परवा सकाळी दारात जीप थांबली आणि सर्वेक्षणाची मॅडम उतरली, माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, तलावात असायला हवी तेवढी राख नाही, बरीच बाहेर गेलीय, आणि कुठे गेली ते फक्त तुम्हालाच ठाऊक आहे असं सगळे सांगतात.

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. सव्वीस वर्षं त्या राखेचा डंपर मीच चालवला. ज्याचं अंगण खोलगट, ज्याच्या दारात पाणी साचतं, तो माझ्याकडे यायचा आणि मी खेप टाकून द्यायचो. बदल्यात कुणाचा चहासुद्धा प्यायलो नाही. साहेब लोक काणाडोळा करायचे, त्यांना तलाव रिकामाच हवा होता. आणि राखेत वाईट ते काय? आमची आई राखेनंच भांडी घासायची.

मी ऐटीत जीपमध्ये पुढे बसलो. पहिलं घर न्हाव्याचं. मॅडमने विहिरीच्या पाण्याची बाटली भरली, अंगणात नळी ठोकून माती काढली. वर चार बोटं माती, खाली सगळी राख. दुसरं घर शिंप्याचं. तिथे मात्र तिने पाण्याआधी शिंप्याला तळहात दाखवायला सांगितले. तळहातांवर मोहरीएवढे कडक दाणे होते. कात्री धरून पडलेत, असं तो हसत म्हणाला. ती हसली नाही.

जीपमध्ये बसल्यावर मी विचारलं. तेव्हा तिने सांगितलं, की या राखेत आर्सेनिक असतं. ते विहिरीत उतरतं आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं की आधी हातांवर असे दाणे येतात. आधी, म्हणाली. नंतर काय होतं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. असेच दाणे मी माझ्या धाकट्या बहिणीच्या हातांवर पाहिले होते. पाहिले कसले, चार वर्षं मी तिची थट्टा करत होतो, की हे हात आहेत की किसणी!

"आणखी कुठे, काका?" मॅडमने विचारलं.

"संपलं," मी म्हणालो.

तिने वही मिटली, जीप वळली. काय बोलून बसलो मी? बहीण काय म्हणेल, लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात. आणि तिकडे ती आपल्या अंगणातल्या विहिरीचं पाणी भरत असणार. लाज वाटायला हवी होती मला. मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि मॅडमला सांगितलं, की एक घर राहिलं, सगळ्यात जास्त खेपा तिथेच टाकल्यात.

आम्हाला बघून बहीण खूश झाली. मॅडमला खुर्ची दिली, प्यायला पाणी आणलं आणि माझं कौतुक सुरू केलं. पूर्वी इथे घोटाभर पाणी साचायचं, दादाने सगळं भरून दिलं, एवढं कुठला भाऊ करतो. मॅडमने पेला हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. मग बहिणीचे तळहात बघायला मागितले.

त्यानंतर मॅडमने सगळं समजावून सांगितलं. पाण्याचा टँकर येईल, अंगण खणून काढतील, घरातल्या सगळ्यांनी दवाखान्यात जाऊन तपासून घ्यायचं. बहीण ऐकत होती, पण बघत होती माझ्याकडे. शिव्या दिल्या असत्या तर मी निमूट खाल्ल्या असत्या. तिने एवढंच विचारलं:

"दादा, तुझ्या अंगणात का नाही टाकलीस?"

मी खरं तेच सांगितलं. माझ्याही दारात तेव्हा पाणी साचायचं. आमच्या मुकादमाने माझ्यासाठी ठेवलेल्या सहा खेपा मी तिच्याकडे वळवल्या होत्या, तिची मुलं लहान होती म्हणून. नंतर माझं अंगण मी दगडमातीने भरून घेतलं.

ती मान हलवून मॅडमला म्हणाली, "यांना घरी सोडाल ना?" जन्मापासून मला अरेतुरे करणारी माझी बहीण.