होलुबांचा करमुक्त फंड

महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी व्हर्नन होलुब गुळगुळीत दाढी करून बँकेत जायचा. फंडाचं व्याज खात्यात आपोआप जमा व्हायचं. घरी बसून फोनवरही ते कळलं असतं, पण त्याला ते खिडकीतल्या मुलीच्या तोंडून ऐकायचं असे.

"अकराशे बारा डॉलर, मिस्टर होलुब."

"आणि त्यातले सरकारचे किती?"

"शून्य," असं ती म्हणाली की स्वारी खूश. तेरा वर्षं हा एकच विनोद. एल्डन मिल्सच्या त्या बँकेत तीन मुली नोकरीला लागल्या आणि सोडून गेल्या, आणि तिघींनाही पहिल्याच आठवड्यात हे शून्य पाठ करावं लागलं. त्याची बायको इर्मा तेवढा वेळ बाहेर गाडीत बसून राहायची.

साच्यांचा कारखाना विकून आलेले चार लाख डॉलर त्याने ओहायोतल्या म्युनिसिपल बाँडांच्या फंडात घातले होते. गावोगावच्या नगरपालिका, पाणीपुरवठे, शाळा लोकांकडून बाँडवर कर्ज काढतात. फंड असे शेकडो बाँड विकत घेतो आणि आलेलं व्याज वाटून देतो. त्या व्याजावर ना वॉशिंग्टनचा कर, ना राज्याचा. ज्यांचा कर जबर असतो अशा धनाढ्यांना हे परवडतं. होलुबांचा कर मुळात असून असून असणार किती? गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या फे डॅनब्रीने कागदावर मांडून दाखवलं होतं, की साधे बाँड घेतलेत तर कर भरूनसुद्धा महिन्याला शंभर-सव्वाशे डॉलर जास्त हातात पडतील.

"मला जास्त नकोत," व्हर्नन म्हणाला होता. "त्यांना काही मिळता कामा नये."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं म्हणतात ते हेच. त्यातलं अर्धं नाक इर्माचं होतं, कारण खातं दोघांच्या नावावर होतं. पण तिला कोण विचारतो? त्याने बोट ठेवलं तिथे तिने सही केली.

गावातली शाळा साठ वर्षांची. छप्पर गळायचं, बॉयलर दर हिवाळ्यात एकदा तरी बंद पडायचा आणि मुलं कोट घालून वर्गात बसायची. शाळेसाठी बाँड काढायचे आणि ते घरपट्टी वाढवून फेडायचे, असा ठराव दोनदा मताला आला आणि दोनदा पडला. दोन्ही वेळा तो पाडण्यात व्हर्ननचा हात होता. गावभर अंगणाअंगणांत 'नाही'च्या पाट्या ठोकत हा हिंडायचा. सत्त्याहत्तराव्या वर्षी गुडघे दुखतात म्हणून बायकोला बाजारातून पिशवी आणून न देणारा माणूस, पण पाट्या ठोकताना गुडघे कसे टकाटक चालायचे.

आता ठराव तिसऱ्यांदा येत होता. यावेळी पडला तर शाळा बंद करून मुलांना बसने वीस मैलांवर पाठवायचं ठरलं होतं. शाळेत दुसरीला शिकवणारी शॉना ही होलुबांचीच सून. तिचं घर रस्त्याच्या पलीकडे. नोकरी गेली की ती आणि कर्ट दोघी मुलींना घेऊन दोन तासांवरच्या गावी जाणार होते. तिथल्या शाळेने तिला जागा देऊ केली होती. शाळा सुटल्यावर त्या दोन पोरी इर्माच्या स्वयंपाकघरात यायच्या, दप्तरं भिरकावायच्या आणि सहापर्यंत घर डोक्यावर घ्यायच्या. इर्माच्या दिवसात खरे तास तेवढेच. बाकीचे व्हर्ननचे.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सगळे जेवायला होते. मुली आत टीव्हीपुढे. इर्माने खिमा भरून कोबीच्या पानांचे गुंडे केले होते. शॉना पाणी प्यायला उठली, तेव्हा रद्दीच्या खोक्यात तिला फंडाचा सहामाही अहवाल दिसला. पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. तिने ते फोडलं आणि उभ्याउभ्याच वाचलं.

"डॅड, तुम्हाला दर महिन्याला पैसे कोण देतं, ठाऊक आहे?"

"फंड."

"आणि फंडाला? ऐका. वेस्ट कार्लो शाळा मंडळ. बेथनी रिज शाळा मंडळ. डनमोर शाळा मंडळ, नवी इमारत. पानं नऊ ते चौदा, शाळाच शाळा! त्या गावांतल्या लोकांनी 'हो' म्हणून स्वतःची घरपट्टी वाढवून घेतली, म्हणून तुमच्या ताटात हा कोबी आहे. आणि आपल्याच गावात तुम्ही पाट्या ठोकत फिरता?"

इर्माला वाटलं, आता तरी हा निरुत्तर होईल. व्हर्ननने आणखी एक गुंडा वाढून घेतला.

"ती गावं मूर्ख आहेत. मूर्खांचा मी आभारी आहे. जरा सॉस दे."

"लाज नाही वाटत?"

"लाजायला मी काय मास्तर आहे, उन्हाळाभर घरी बसून पगार खाणारा?"

"डॅड, पुरे झालं," कर्ट म्हणाला.

"तू गप्प बस. तुझी बायको तुझ्या वाटचंही बोलते, तेवढं पुरतंय आम्हाला."

शॉनाचा चेहरा लालबुंद झाला. ती सासूकडे वळली. "मॉम, तुम्ही तरी काही बोला!"

"अक्रोडाचा नट रोल आणते," इर्मा म्हणाली आणि उठली. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, प्रत्येक भांडणात तिचं भाषण एवढंच असायचं.

पुढच्या आठवड्यात टपालाने मतपत्रिका आल्या. व्हर्ननने जेवणाच्या टेबलावर स्वतःची भरली, पाकीट चिकटवलं आणि तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"मी सावकाश करते नंतर," ती म्हणाली.

"नंतर कशाला? मी निघालोच आहे पोस्टात. एका फेरीत दोन्ही जातील." त्याचं बोट तिच्या खांद्यावरून कागदावर आलं. "इथे."

इर्माने तिथलं वर्तुळ काळं केलं. ते नीट भरलंय ना, हेही तिने पाहिलं. आत जाऊन दार लावून घेता आलं असतं. पेन चालत नाही म्हणता आलं असतं. या माणसाने उभ्या जन्मात तिच्यावर हात उगारला नव्हता, भ्यावं असं काही नव्हतंच. नुसती सवय होती, आणि त्या सवयीलाच ती संसार म्हणत आली होती.

निकाल लागला. हो, आठशे अकरा. नाही, आठशे बारा. असं गोष्टीतच होतं म्हणाल, पण छोट्या गावात, जिथे मोजणारे बोटांवर मोजतात, तिथे होतंही. कायद्याप्रमाणे फेरमोजणी झाली, तरी आकडे जागचे हलले नाहीत. व्हर्ननला त्या आठवड्यात कुणी कॉफीचे पैसे देऊ दिले नाहीत.

फेरमोजणीच्या दुसऱ्या दिवशी शॉना रस्ता ओलांडून आली. कोटही न घालता, नुसत्या स्वेटरवर. ती दारातच थांबली.

"तुम्ही कशावर खूण केलीत?"

"अगं, व्हर्नन तिथेच..."

"व्हर्ननचं मला माहीत आहे. तुमचं विचारलं."

खोटं बोलणं इर्माला जमलं असतं तर फार बरं झालं असतं. "नाहीवर," ती म्हणाली.

"माझ्या पोरींची वेणी घालता रोज," शॉना हळू म्हणाली. मग तिचा आवाज कडक झाला. "आभारी आहे, मिसेस होलुब."

अकरा वर्षं इर्मा तिची मॉम होती.

जूनमध्ये शाळा सुटली आणि ते गेले. मुलींनी मागच्या काचेतून हात हलवले, कारण त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. शॉनाने समोरून नजर काढली नाही. व्हर्नन ओसरीवर उभा राहून म्हणाला, "जाऊ दे, घरपट्टी तर वाचली." त्या क्षणी इर्माला त्याचा जो तिटकारा आला, तो इतका स्वच्छ होता की तिचं तिलाच हलकं वाटलं. इतकी वर्षं त्यात माया, कीव आणि स्वयंपाक कालवलेला असायचा.

ऑगस्टमध्ये, तो मासे धरायला गेलेला असताना, तिने कर्टला फोन केला. "मी तिकडे राहायला आले तर? तुमच्या घरात नाही. जवळ कुठे खोली घेऊन."

पलीकडे कुजबुज झाली आणि फोन शॉनाने घेतला. "एकट्या येणार असाल तर या. पण आधीच सांगून ठेवते, माझा राग गेलेला नाही."

"नसू दे," इर्मा म्हणाली.

मग ती फे डॅनब्रीकडे गेली. फेचं ऑफिस हार्डवेअरच्या दुकानाशेजारी. इर्मा तिथे कितीतरी वेळा बसली होती, पण एकटी कधीच नाही. अर्धा फंड विकायचा आणि पैसे माझ्या एकटीच्या नव्या खात्यात टाकायचे, असं तिने सांगितलं. फेने चष्मा काढला. कुणा एकाची सही पुरते, ती म्हणाली. पण बाजार पडला होता त्या हिवाळ्यात हा फंड स्वस्तात घेतलेला, आता भाव चढलाय, तेव्हा आधी नीट ऐकून घ्या. इर्माने नीट ऐकून घेतलं आणि सही केली. कुणाचं बोट नसताना ती जागा तिला स्वतः शोधावी लागली.

संध्याकाळी व्हर्नन टेबलाशी बसला होता. तिने विक्रीचा कागद त्याच्यापुढे ठेवला.

"मी उद्या कर्टच्या गावी चालले. राहायला. आणि फंडातला माझा अर्धा विकला."

चष्मा लावून त्याने कागद वाचला, मग पुन्हा वाचला. इर्मा उभीच होती. 'जाऊ नकोस' म्हणाला तर काय म्हणायचं, ते तिने ठरवलं होतं. 'खुशाल जा, मर तिकडे' म्हणाला तर काय, तेही ठरवलं होतं. पहिलं म्हणाला असता तर, खरं सांगायचं तर, ती डळमळली असती. बाईमाणूस असो की कुणीही, एक्कावन्न वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत.

"नफा किती झाला विक्रीत?" त्याने विचारलं.

"अठ्ठावीस हजार."

"मूर्ख बाई!" तो ताडकन उठला, खुर्ची मागे पडली. "त्यावर कर लागतो! फक्त व्याजाला माफी असते, विक्रीच्या नफ्याला नसते! सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनवरसुद्धा लागेल! तेरा वर्षं मी त्यांना छदाम दिला नाही, आणि तू एका सहीत..." त्याचे ओठ थरथरत होते. त्याच्या आईला पुरलं त्या दिवशीही इर्माने ते असे थरथरताना पाहिले नव्हते.

"फेने सांगितलं होतं मला. सहीच्या आधी."

"ठाऊक असून केलीस?"

"तिने दोनदा विचारलं, व्हर्नन. मी दोन्ही वेळा हो म्हटलं."

त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. कागद उलटा करून तो टेबलावर पेन्सिल चाचपत होता. इर्माने ती ड्रॉवरमधून काढून त्याच्या हाताशी ठेवली आणि बॅग भरायला आत गेली.