मोर्शीची फळी, एलिसापीचा मासा

मी मोर्शीची फळी बोलतेय, मासे मोजायची. संत्र्यांच्या गावात मासे कोण मोजतं, असं म्हणून तुम्हीही हसाल. हसा. चिडायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात देवराव सुतारांनी मला सागवानातून घडवलं आणि मोर्शीच्या भाचीसाठी, आकांक्षासाठी, अंगावर सेंटिमीटरच्या खुणा कोरल्या. ती माशांचा अभ्यास करते. उत्तर ध्रुवाजवळ, इन्युइट लोकांच्या किनाऱ्यावर निघाली होती. "पल्याश्टिक तडकते थंडीत. हे घेऊन जाय," देवराव म्हणाले.

तिथला समुद्र तापू लागलाय, लाल पोटाचे मासे कमी झालेत. यंदा किती धरायचे आणि किती राखायचे, हे तिथलं गाव ठरवणार होतं, आमच्या मोजमापावरून. जाळी गावाची, होडी तिथल्याच एलिसापी आजीची. मासा माझ्यावर निजवायचा आणि लांबी बघायची, एवढंच आमचं काम.

पण आकांक्षा माळकरी घरातली. तडफड बघवेना, म्हणून मोजून झाला की जिवंत मासा ती हळूच पाण्यात सोडायची. तिला वाटे, पुण्य केलं. एलिसापीनं ते पाहिलं आणि जाळं गुंडाळलं.

"मासा आपणहून आला होता," ती म्हणाली. "त्याला खेळवून परत पाठवलंस. अपमान झालेला मासा पुन्हा येत नाही."

दुसऱ्या दिवशी होडी आम्हाला न घेताच गेली. समुद्र गोठायला आला होता. मोजणी बुडाली असती, तर गावानं अंधारात निर्णय घेतला असता.

आकांक्षानं आईला फोन लावला. "आई, मी मासा खाल्ला तर चालंल काय वं?"

कौशल्याबाई म्हणाल्या, "पंगतीत वाढलेलं टाकून उठली काय तू कदी? मंग मले काहून इचारून रायली?"

त्या संध्याकाळी आकांक्षा एलिसापीच्या घरी जमिनीवर बसून वाढलेला मासा जेवली. घास गिळताना डोळे भरून आले तिचे. सकाळी होडीत आमच्यासाठी जागा होती. पुढं मोजमाप पाहून गावानं एका नदीच्या मुखाशी जाळी लावणं थांबवलं.

परतल्यावर मात्र कौशल्याबाईंनी मला घरात घेतलं नाही. "मायी माळ हाये. गोठ्यात ठेव तिले." तेव्हापासून मी सरकीच्या ढेपेच्या पोत्यामागे पडून होते. खुणा पुसट झाल्या, टोक उकललं. रागवत नाही मी. फोनवर बोलणं सोपं असतं, हात लावणं अवघड.

आज आकांक्षा पुन्हा तिकडं निघाली. मला मागायचा धीर तिला झाला नाही. कौशल्याबाई स्वतःच गोठ्यात आल्या. मला राखेनं घासलं, पदरानं पुसलं.

"ते म्हातारी जिती हाये ना?"

"हाव."

त्यांनी मला बॅगेत ठेवलं आणि माझ्या अंगाला लावून कुरड्यांचा डबा.

"तिले सांगजो, परत धाडू नोको म्हना."

थकलेय खरी. पण आता मला कुणी परत पाठवू नये, एवढंच मागणं आहे. येते.